हिवाळा काय तुमच्या बापाचा आहे?

गेल्या डिसेंबरात आमच्या मंडळाच्या अंकाची बैठक होती. खोली दहा बाय बारा, माणसं चौदा, चहा सात. ज्यानं त्यानं आपलं लिखाण वाचायचं आणि बाकीच्यांनी ते सोलून काढायचं, ही आमची रीत. माझी पाळी आली. मी चार पानं वाचली. आमच्या गावच्या माळावर थंडीत उतरणाऱ्या करकोच्यांवर लिहिली होती. वाचून झालं. कुणी बोलेना. मग एक दोस्त म्हणाला, "पाखरं? आपल्या अंकात? तिकडं माणसं मारतायत आणि तू पाखरं मोजत बसलास?" दुसरा म्हणाला, "दिवाळी अंकाला पाठव लेका. मानधन तरी देतील." सगळे हसले. मीपण हसलो. पानांची घडी केली, खिशात घातली आणि शेवटची लोकल पकडली.

हसलो ते चुकलंच. भांडायला पाहिजे होतं. ते भांडण आता काढतो.

मित्रांनो, मला हिवाळा आवडतो. एवढं वाक्य लिहायला मला चाळिशी ओलांडावी लागली, कारण आपल्यात असलं काही आवडणं म्हणजे फितुरी. उन्हाळा चालतो, त्यात टंचाई आहे, टँकर आहे, हंड्यांची रांग आहे. पाऊस चालतो, झोपडं गळतं म्हणून. थंडीसुद्धा चालते, फुटपाथवर कुणी काकडून मेला तर. पण सकाळच्या धुक्यात ज्वारीच्या ताटावर बसलेला नीलपंख उडाला, त्याच्या पंखातला निळा जाळ दिसला आणि माझ्या पोटात काहीतरी हाललं, हे चालत नाही. ते म्हणे 'त्यांचं'. मी विचारतो, त्यांचं कधी झालं? कुठल्या कचेरीत खरेदीखत झालं? साक्षीदार कोण होते?

आता 'त्यांचा' हिवाळा कसा असतो ते बघा. त्याच महिन्यात ऑफिसातली मंडळी मला हुरडा पार्टीला घेऊन गेली. माणशी पैसे भरायचे, बसनं जायचं, पुण्याच्या पलीकडं एका मळ्यात उतरायचं. फाटकावर गांधी टोपी घालून तुतारी फुंकणारा उभा. आत बैलगाडीची फेरी, कुंभाराचं चाक, वासुदेव, जोशी. सगळा गावगाडा तिकिटावर मांडलेला. बलुतेदारी कागदोपत्री संपली, आता ती शनिवार-रविवारी दाखवतात. एका कोपऱ्यात आगटी पेटलेली. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात गुळभेंडीची कणसं खुपसून एक म्हातारा हुरडा चोळून देत होता. तळहात भाजून काळे झालेले. आमचे साहेब हुरड्यावर शेंगदाण्याची चटणी टाकत म्हणाले, "गावात कसं सगळं निर्मळ असतं ना. जातबित काही नाही. आपणच शहरात येऊन बिघडलो."

मी म्हाताऱ्याच्या शेजारी जाऊन बसलो. हळूच जय भीम घातला. त्यानं मान वर केली, डोळे बारीक केले, हसला आणि हळूच जय भीम परत दिला. मग म्हणाला, "ह्याच रानाची राखण करत हुतो मी. ह्येंच्या बापाच्या वक्ताला. तवा पोरानं दोन कणसं मोडली म्हनून बांधावर उभं करून हाणलं त्याला. आता बघा, मीच भाजून देतुय. जेवढी पायजे तेवढी खावा म्हंत्यात." एवढ्यात तारेवर एक पाखरू येऊन बसलं. ऑफिसातली बाई विचारत होती, कुठलं हो हे? मी म्हणालो, नीलपंख, थंडीत तारेवर असाच बसतो, खाली टोळ-नाकतोडे बघत. साहेब माझ्याकडं बघत म्हणाले, "अरे वा, तुला कसं माहीत?"

तुला कसं माहीत! या तीन शब्दांत सगळं सौंदर्यशास्त्र आलं. रोस्टर मला माहीत असणार, सवलती मला माहीत असणार, मोर्चाचा रस्ता मला माहीत असणार. पाखरू मला कसं माहीत? आणि मित्रांनो, खरी आग इथं आहे, की आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत मला जे ऐकवलं गेलं तेही हेच होतं. साहेबाला वाटतं पाखरू आमचं नाही. तुम्हालाही वाटतं पाखरू आमचं नाही. मग साहेबात आणि तुमच्यात फरक काय राहिला? त्यांनी बळकावलं आणि तुम्ही बक्षीसपत्र करून दिलं.

आता मला कसं माहीत ते सांगतो.

आमचं गाव सोलापूरच्या वरच्या अंगाला, माळरानाचं. आज्या येसकर. रात्रभर हातात काठी घेऊन गावाची गस्त, कुणाच्या घरी मयत झालं तर परगावी सांगावा, सरकारी माणूस आला तर त्याच्या घोड्यापुढं धावणं. मुंबई सरकारच्या १९५८ च्या कायद्यानं महार वतन गेलं, पण गावाच्या डोक्यातून काही ते लगेच गेलं नाही. बाप थंडीभर एका बड्या शेतकऱ्याच्या ज्वारीची राखण करायचा. रानात चार मेढी रोवून माळा केलेला, वर सरमडाचं छप्पर, अंगावर एक वाकळ, हातात गोफण. भोरड्यांचा थवा आला की आभाळ काळं व्हायचं. इकडून उठवला की तिकडं बसायचा. भोरडी म्हणजे ती गुलाबी मैना, थंडी आपल्याकडं काढते आणि अंडी घालायला मध्य आशियाकडं जाते, हे मला पुढं पुस्तकात कळलं. बापाला त्यातलं एवढंच माहीत होतं, की थवा कणसात घुसला तर सुगीला मिळणाऱ्या पेंढ्या कमी होणार.

तुमचे पक्षीनिरीक्षक गळ्यात दुर्बीण अडकवून पहाटे निघतात. माझ्या बापाचं पक्षीनिरीक्षण सक्तीचं होतं. नाही निरीक्षण केलं तर पाठीवर वळ उठायचे. पण त्यातून तो जे शिकला ते मी कुठल्याच पुस्तकात वाचलं नाही. रात्री टिटवी ओरडली तर तो अंगावरची वाकळ काढायचा, कारण टिटवी जमिनीवर अंडी घालणारी, जमिनीवर कुणीतरी चालतंय हे तिला आधी कळतं. कोल्हेकुई कुठून सुरू झाली आणि कुठं थांबली यावरून लांडगा कुठल्या अंगाला आहे ते सांगायचा. तित्तर कुठल्या बांधाला, लाव्हा कुठल्या काशाला, खोकडाचं बीळ कुठं, सगळं त्याला अंधारात ठाऊक. माणूस म्हणून गावानं त्याला उजेडात येऊ दिलं नाही, तेव्हा त्यानं अंधार पाठ केला.

आणि त्याला हिवाळा आवडायचा. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. आपल्या गोष्टींत बाप नेहमी राबणारा, पिणारा, मार खाणारा. बाप थंडीच्या सकाळी हरभऱ्याच्या आंबीनं पाय झोंबत असताना मधेच थांबून आभाळाकडं बघत हसत होता, असं लिहिलं तर गोष्ट नरम पडेल, अशी मलाच भीती वाटायची.

दिवाळी झाली की करकोचे यायचे. मंगोलिया, मध्य आशियाकडून निघून, हिमालयावरून येणारं हे पाखरू. पुस्तकात नाव कांड्या करकोचा. राखाडी अंग, काळी मान, डोळ्यामागं पांढरी शेंडी मागं गेलेली. दिसायच्या आधी आवाज यायचा, वरून, लांबून, घशातून घोळवलेला. बाप म्हणायचा, "आलं बघ पाव्हणं." थवा गोल गोल फिरत तळ्याच्या काठी उतरायचा आणि पाणी प्यायचा. एकदा मी विचारलं, ह्ये कुठल्या गावचं? बाप म्हणाला, "लई लांबचं हायत. पन त्येंना कुनी इचारतंय का, तुमी कुठल्या वाड्यातलं म्हनून? उतरत्यात, पित्यात, जात्यात." आमच्या गावात तेव्हा मोठ्या विहिरीवर आमच्या बायांनी हंडा घेऊन लांब उभं राहायचं, कुणाला दया आली तर तो वरून ओतायचा. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं त्याला तेव्हा पन्नास वर्षं होऊन गेली होती. मंगोलियाहून आलेल्या पाखराला जे पाणी चालत होतं, ते त्याच गावात जन्मलेल्या माझ्या आईला चालत नव्हतं. आता सांगा, माझ्या बापाचं हे पाखरांवरचं बोलणं निसर्गवर्णन होतं की राजकारण? मला तर त्या दोन्हीत शिवणसुद्धा दिसत नाही.

*

हिवाळा निर्मळ असतो म्हणणाऱ्यांनी आधी पाखरांची नावं वाचावी. गावगाडा आभाळातसुद्धा नेऊन ठेवलाय. सुतार आहे, शिंपी आहे, परीट आहे, कोतवाल आहे. थंडीत पाण्याच्या काठी शेपटी आपटत फिरणारा तो बिचारा परीट, म्हणजे धोबी. लडाख-तिबेटकडून हिवाळ्यात येणारं भगवं बदक मात्र ब्राह्मणी बदक. ब्राह्मणी घार तर बघण्यासारखी. बंदरावर फेकलेले मेलेले मासे आणि घाण खाते, पण डोकं पांढरं म्हणून ब्राह्मणी! आमच्या लोकांनी मेलेलं खाल्लं तर पिढ्यान्पिढ्या गावकुसाबाहेर, घारीनं खाल्लं तर ती ब्राह्मणी. आमच्याकडं ज्याला कुंभारकावळा म्हणतात तोच वर गेला की भारद्वाज ऋषी होतो, दिसला की शुभशकुन. आणि अपशकुनाची टिटवी, घुबड, पिंगळा? ती गावाबाहेरची. तीही आमच्यासारखीच रात्री जागणारी.

मेलेल्याचा विषय निघालाच आहे तर गिधाडांबद्दल बोलू. आज्याच्या काळात गावात ढोर मेलं की आम्ही ओढून माळावर न्यायचं. कातडं काढायचं. वर गिधाडं फिरू लागायची, मग उतरायची, तासाभरात हाडं उरायची. गिधाडाचा आणि आमचा उल्लेख गाव एकाच तोंडानं करायचं. महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्याचं मांस सोडा म्हणून सांगितलं, १९५६ साली धम्म दिला, आणि आमच्या आज्यानं एका दिवशी ढोर ओढायला नकार दिला. गावानं दळण तोडलं, रानातली वाट तोडली. तरी तो बधला नाही. तो नकार बरोबर होता आणि आजही बरोबर आहे. पण पुढचं ऐका. १९९० च्या दशकात आभाळातून गिधाडं नाहीशी व्हायला लागली. पांढऱ्या पाठीची गिधाडं शंभरातली पंचाण्णवच्या वर गेली. कारण २००४ साली जगापुढं आलं. ढोरांना दुखण्यावर डायक्लोफिनॅक टोचत होते, ते औषध अंगात असताना मेलेलं ढोर खाल्लं की गिधाडाचे मूत्रपिंड बंद पडायचे. २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली, तोवर माळ रिकामा झाला होता. ढोरं कुजायला लागली, कुत्री माजली. मग शहाणे लोक बोलू लागले, गिधाड किती उपयोगी, निसर्गाचा सफाई कामगार! वा रे वा. सफाई करणाऱ्याची किंमत या देशाला तो मेल्यावर कळते. आणि कळल्यावरसुद्धा गिधाडांसाठी पिंजरे बांधून पैदास करतात, ते केलंच पाहिजे, माझी हरकत नाही. पण गटारात गुदमरून मेलेल्या माणसाला मात्र आधी तो कंत्राटी होता की कायम, हे विचारतात.

या देशातली निसर्गकविता कुठून सुरू झाली, आठवा. निषादानं क्रौंच पक्षी मारला, आदिकवीला दुःख झालं, आणि त्याच्या तोंडून पहिला श्लोक बाहेर पडला. तो श्लोक म्हणजे काय? पाखरासाठी अश्रू आणि निषादाला शाप. निषादाच्या घरी त्या रात्री चूल पेटली का, हे आजवर कुठल्या टीकाकारानं विचारलेलं मला ठाऊक नाही. कुणी म्हणेल, वाल्मीकी तर वाल्या कोळी, आपल्यातलाच. मग तर जास्तच वाईट. वर चढलेला माणूस पहिला शाप खालच्याला देतो. शहरात फ्लॅट घेतलेल्या आपल्यातल्या कैकांनी हे वाक्य दोनदा वाचावं. मीही वाचतो.

तो शाप पुढं कायद्यात उतरला. १८७१ साली इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. पुढं फासेपारध्यांवरही तोच शिक्का बसला. १९५२ साली तो कायदा गेला. मग १९७२ साल आलं. ते साल ध्यानात ठेवा. त्याच साली महाराष्ट्रात दुष्काळ, माणसं खडी फोडत होती आणि मिलो खात होती. त्याच साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. आणि त्याच साली दिल्लीत वन्यजीव संरक्षण कायदा झाला. कायदा हवा होता, हरणं-वाघ संपत आले होते, यात वाद नाही. पण कुणी संपवले? राजे, संस्थानिक, गोरे साहेब, त्यांचे काळे साहेब. वाघाच्या अंगावर पाय ठेवून काढलेले त्यांचे फोटो आजही वाड्यांच्या भिंतींवर आहेत. त्याला म्हणतात शिकार. पारध्यानं फाशात चार तित्तर धरले तर ती चोरटी शिकार. वाड्यावरच्या फोटोची जप्ती झाली नाही, पारध्याच्या फाशाची झाली. त्याच्या हातातलं कसब काढून घेतलं आणि बदल्यात जमीन दिली नाही, नोकरी दिली नाही. रानाचं त्याच्याइतकं ज्ञान दुसऱ्या कुणाला होतं? वनाधिकारी मारुती चितमपल्ली आमच्या सोलापूरचेच. रानाचे कितीतरी शब्द त्यांनी आदिवासींच्या, रानात फिरणाऱ्यांच्या तोंडून उचलले आणि तसं कबूल केलं. कबूल करणारे थोडे. बाकीचे शब्द उचलतात आणि माणूस बांधावर सोडतात.

*

हिवाळ्यातलं वन्यजीवन बघायचंय? चला ऊसतोडीवर. बीडकडची माणसं दिवाळी झाली की मुकादमाची उचल फेडायला निघतात. नवराबायको मिळून एक कोयता. माणूस नाही म्हणायचं, कोयता म्हणायचं. जुन्नर, संगमनेर, कोल्हापूर, कुठं कुठं. उसाच्या फडाशेजारी पाचटाच्या कोप्या. पहाटे तीन-चारला उठून दव पडलेल्या फडात शिरायचं, पाचट कापतं आणि दव त्या चिरांवर झोंबतं. त्याच फडात बिबट्याची मादी व्यालेली असते. धरणं झाली, पाणी आलं, ऊस आला आणि बिबट्यानं उसालाच जंगल मानलं. तोडणी पुढं सरकते तसं त्याचं घर कमी होत जातं. मग कुणाच्या कोयत्यापुढं डोळे न उघडलेली पिल्लं सापडतात. लगेच फोटो, बातमी, रात्री आई येऊन पिल्लं तोंडात धरून घेऊन गेली, सगळ्या महाराष्ट्राचा जीव भांड्यात. माझापण. पण त्याच रात्री त्याच फडाच्या काठाला, दार नसलेल्या कोपीत, कोयत्याची पिल्लं झोपलेली असतात. त्यांच्या आईला साखर कारखान्याच्या हद्दीत पक्की भिंत द्यावी, दार द्यावं, दिवा द्यावा, हे कुणाच्या निसर्गप्रेमात बसत नाही. आणि बिबट्यानं त्यातलं एखादं पोर उचललं तर बिबट्या नरभक्षक ठरतो. साखर खाणारे नामानिराळे.

मला बिबट्याचा राग नाही. बिबट्या आणि ऊसतोड्या, दोघांनाही तिथं साखरेनं आणून उभं केलंय. दोघांचं घर दर हंगामाला मोडतं. हे ज्याला दिसत नाही त्याला मी निसर्गप्रेमी म्हणत नाही, पर्यटक म्हणतो.

आता जमिनीवर येतो, कारण शेवटी सगळं जमिनीवर येतं.

सरकारी दप्तरात माळरानाला पडीक म्हणतात. गवत उगवतं, काळवीट चरतं, लांडगा राहतो, चंडोल गातो, माळढोक नाचतो, तरी पडीक. आमच्या भागात १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य काढलं, सोलापूर-नगर मिळून ८४९६ चौरस किलोमीटर, पुढं ते कापत १२२२ च्या आसपास आणलं. एवढ्या सगळ्यात माळढोक वाचला का? महाराष्ट्रातून तो जवळजवळ गेलाच. माळ नांगरला, पाणी आलं तिथं ऊस घुसला, विजेच्या तारा आल्या, वजनदार पाखरू तारेला धडकून पडतं. पडीक म्हटलं की काहीही करायला मोकळं. पडीक जमीन आणि पडीक माणसं, दोघांचा सातबारा कोरा.

त्या पडीकावर आमच्या माणसांनी पहिल्यांदा नांगर धरला तो उपाशी पोटी. ६ डिसेंबर १९६४ ला दादासाहेब गायकवाडांच्या पुढारीपणाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह सुरू झाला. ऐन थंडीत लाखांनी माणसं तुरुंगात गेली. बाया पोरं काखेला मारून गेल्या. मागणी काय, तर पडीक जमीन कसणाऱ्याला द्या. १९९१ च्या नोव्हेंबरात सरकारनं ठराव काढला, १४ एप्रिल १९९० पर्यंत गायरान कसत असलेल्या भूमिहीनांचं अतिक्रमण नियमित करा. ठराव निघाला, पण किती गावांत तो कागदावरून बांधावर पोचला, ते ज्यांनी तलाठ्याकडं चपला झिजवल्या त्यांना विचारा. २०२२ च्या हिवाळ्यात उलट गायरान मोकळं करा म्हणून गावोगाव नोटिसा लागल्या. आणि आता त्याच गायरानावर सौर पट्ट्या टाकायला जागा मोजतायत. सूर्य सगळ्यांचा, गायरान मात्र कंपनीचं.

माझ्या बापानं दोन एकर गायरान फोडलं. दगड वेचायला तीन वर्षं लागली. चौथ्या वर्षी हरभरा टाकला. थंडीत घाटे भरले. एका सकाळी मी बापाबरोबर गेलो तर आमच्या हरभऱ्यात करकोचे उतरलेले. शंभर तरी असतील. मी पळत गोफण आणायला निघालो. ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्याच्या रानातून पाखरं हाकलली, त्यानं माझा हात धरला. म्हणाला, "ऱ्हाऊ दे. खाऊ दे चार दानं. आपलं हाय, पाटलाचं न्हाय." आणि बांधावर उकिडवा बसून बघत राहिला. उन्हं वर आली, थवा उठला, आमच्या डोक्यावरून गेला, बाप मान मागं टाकून दिसेनासा होईपर्यंत बघत होता. मालक होणं म्हणजे काय हे मी त्या दिवशी बघितलं. आपल्या रानातली चार दाणी पाखराला द्यायची ऐपत.

आठवड्यानं रात्री गावातल्या टग्यांनी पन्नास-साठ जनावरं त्या दोन एकरांत सोडली. सकाळी खुंटसुद्धा राहिला नव्हता. पाखरांनी चार दाणे खाल्ले, गावानं रान खाल्लं. तक्रार कुणी लिहून घेतली नाही. बाप गेला, सातबारा अजून झाला नाही. भाऊ कसतोय.

ही माझी चार पानं होती, मित्रांनो. तुम्ही करकोच्यांपर्यंत ऐकलंत आणि हसलात. जनावरांपर्यंत पोचलाच नाहीत.

*

मला माहीत आहे तुमचं उत्तर काय येणार. बाबासाहेबांनी खेड्याला काय म्हटलंय, विसरलास? नाही विसरलो. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत त्यांनी खेड्याचे वाभाडे काढले, ते अक्षर न् अक्षर खरं आहे. खेडं सोडा म्हणाले, आम्ही सोडलं, बरं केलं. पण खेडं म्हणजे वेस, पार, चावडी, पाटलाचा वाडा. माळ म्हणजे खेडं नव्हे. तळं, आभाळ, करकोचा म्हणजे खेडं नव्हे. खेड्यानं त्यावर ताबा मारला होता. खेडं सोडताना आम्ही ताबेदाराला सोडलं की आमचा हिस्साही सोडला? हिस्सा सोडा असं बाबासाहेब कुठं म्हणाले? तळ्यावर ते पाणी सोडायला गेले नव्हते, घ्यायला गेले होते.

दुसरं उत्तर येईल, लढाईच्या काळात फुलंपाखरं शोभत नाहीत. सावित्रीबाईंवर शेण फेकत होते तो काळ शांततेचा होता काय? त्याच काळात, १८५४ साली, त्यांचा 'काव्यफुले' छापला गेला. त्यात अज्ञानावर प्रहार आहे आणि त्यातच चाफ्यावर, जाईवर कविता आहेत. माऊलीनं दोन्ही एका पुस्तकात बांधलं. तुम्हाला दोन अंक कशाला लागतात?

आणि हिवाळा आपला नाही कसा? आपलं सगळं पंचांग थंडीत आहे. ६ डिसेंबरला शिवाजी पार्कावर रात्र काढणारी माणसं विचारा, समुद्राकडून येणारा वारा कसा लागतो. २५ डिसेंबर १९२७ ला महाडात मनुस्मृती जळाली, ती या देशातली सगळ्यात ऊबदार शेकोटी. १ जानेवारीला भीमेकाठी पहाटेचं धुकं असतं. ३ जानेवारीला सावित्रीबाई जन्मल्या. १४ जानेवारी १९९४ ला, सतरा वर्षं रक्त सांडल्यावर, मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं. बाकीचे त्या दिवशी तिळगूळ वाटत होते, आपण विद्यापीठ वाटून घेत होतो. एवढा सगळा हिवाळा अंगावर घेऊन चालणाऱ्यांनी म्हणायचं, हिवाळा आपला विषय नाही?

त्यांनी आपल्याकडून विहीर घेतली, देऊळ घेतलं, जमीन घेतली. ते आपण ओरडून सांगतो. पण सकाळी उठून कुठल्याही पाखराकडं कारणाशिवाय बघत उभं राहायची सवड घेतली, ते कुठं सांगतो? माणसाला फक्त राबणारं आणि रडणारं ठेवलं की तो अर्धा गुलाम आपोआप होतो. आपण आपल्याच अंकात त्याला राबणारा आणि रडणाराच दाखवत राहिलो तर उरलेला अर्धा गुलाम आपण केला.

म्हणून माझी मागणी रोखठोक आहे. कसणाऱ्याला गायरानाचा सातबारा. कोयत्याच्या पोरांना दार असलेलं घर. पारध्याच्या ज्ञानाला नोकरी, माळाच्या राखणीवर पहिला हक्क त्याचा. आणि माझ्या करकोच्यांना तुमच्या अंकात चार पानं.

ती पानं पुढच्या बैठकीत पुन्हा आणतोय. छापा, नाहीतर का छापत नाही ते तोंडावर सांगा. या वेळी हसणार नाही.